रायफल म्हणून पाठवली, मस्केट म्हणून परत आली : जुन्या बंदुकीच्या ओळख-दुरुस्तीचे परीक्षण

आजोबांकडून काकांकडे आणि काकांच्या पश्चात माझ्याकडे आलेली एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, लष्करी बंदूक मी दीड वर्षापूर्वी जुनी शस्त्रे ओळखून ती दुरुस्त करून देणाऱ्या एका कार्यशाळेकडे सोपवली. त्या कामाचे हे परीक्षण आहे. कार्यशाळेचे नाव येथे देत नाही, कारण हातात आधीच पुष्कळ काम असल्याने ते कोठे छापू नये अशी त्यांची विनंती आहे; शिवाय पुढे मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत.

बंदूक माझ्याकडे आली तेव्हा तिला घोडा (टोपीवर आपटणारी हातोडी) नव्हता, दारू ठासायचा गज नव्हता, ठिणगी देणारी टोपी ज्यावर बसते ते निपल मोडून आट्यांतच अडकलेले होते आणि लाकडी दस्त्याचा पुढचा भाग कोणीतरी करवतीने सरळ कापून टाकला होता. नळीला दस्त्याशी धरून ठेवणाऱ्या तीन कड्यांपैकी एकच कडे उरले होते. घरात तिला ‘सत्तावनची रायफल’ म्हणत. लॉकच्या, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘व्हीआर’ ही राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे आणि पुढच्या बाजूस ‘टॉवर’ हा शब्द दिसत होता. सालाचे १८५ एवढे तीन आकडे वाचता येत होते, चौथा मात्र पुसट होता. तो पुसट होण्याचे कारण मीच आहे. काकांच्या घरून बंदूक आणल्यावर पहिल्याच रविवारी मी पॉलिश पेपर घेऊन गंज काढायला बसलो आणि दहा मिनिटांत दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला आकडा घासून टाकला. ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे त्यांनी परीक्षणाचा बाकीचा भाग वाचला नाही तरी चालेल, पण पॉलिश पेपर तेवढा हातात घेऊ नये.

कार्यशाळेचे पहिले उत्तर आले त्यात किमतीचा किंवा मुदतीचा उल्लेख नव्हता. दोन अटी होत्या. माझ्या राहत्या ठिकाणी अशी बंदूक बाळगण्यास परवाना किंवा नोंदणी लागते काय, याची अधिकृत चौकशी करून तसा कागद पाठवावा, ही पहिली. ठासणीच्या जुन्या शस्त्रांना काही देशांच्या कायद्यात सूट असते, काही ठिकाणी ती वस्तू निकामी असेल तरच असते आणि काही ठिकाणी मुळीच नसते, तेव्हा कागद आल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही असा त्यांचा नियम आहे. नळी रिकामी आहे याची खात्री झाल्याशिवाय बंदूक जागची हलवू नये, ही दुसरी अट.

ही दुसरी अट मला प्रथम अतिरेकी वाटली. त्यांनी सांगितलेली पद्धत साधी होती : तोंड स्वतःकडे येणार नाही अशा बेताने बंदूक आडवी ठेवायची, लाकडाची गोल काठी नळीत अलगद तळापर्यंत सरकवायची, तोंडाशी काठीवर खूण करायची आणि मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून तिचे टोक कोठवर पोहोचते ते पाहायचे. नळी रिकामी असेल तर ते टोक निपलच्या जागेपाशी यायला हवे. माझी काठी तिथून चांगली चार बोटे अलीकडे थांबली. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते आणि भरलेल्याच राहून गेलेल्या ठासणीच्या बंदुका आजही सापडतात, हे वाचून माहीत असले तरी काठीवरची ती खूण पाहताना माझा घसा कोरडा पडला. कार्यशाळेने लगेच कळवले की आत काही खुपसू नये, उष्णता देऊ नये, ड्रिल तर लावूच नये. त्यांनीच सुचवलेले एक जाणकार गृहस्थ येऊन नळीत तेल सोडून, दोन दिवस ती तशीच ठेवून, आतला ऐवज काढतील. आतून निघाले कुंभारमाशीचे मातीचे घर आणि त्याच्या मागे चिंधीचा एक बोळा. दारू नव्हती. तरीही, दुरुस्तीचे काम सुरू होण्याआधीच जी कार्यशाळा ग्राहकाला हे करायला लावते तिला या एका गोष्टीसाठी मी पूर्ण गुण देतो.

ओळख पटवण्याच्या कामाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे त्यांची चूकही झाली आणि ती त्यांनी सुधारलीही. मी पाठवलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी पहिल्या पत्रात ही १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल असावी असे कळवले होते. त्याला आधार होता : पितळी कुंदा-पट्टी (दस्त्याच्या मागच्या टोकावरची), पितळी चाप-कडे (चापाभोवतीचे), लॉकच्या स्क्रूंखालच्या पितळी वाट्या आणि ३९ इंचांची, म्हणजे साधारण ९९ सेंटिमीटरची नळी. ही सगळी त्याच घराण्याची लक्षणे आहेत. या रायफलची नळी ०.५७७ इंच व्यासाची असे आणि तिच्या आत तीन सऱ्या, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, कोरलेल्या असत. १८५७ मधल्या चरबीच्या काडतुसांचा संबंध याच रायफलशी आहे, त्यामुळे घरातल्या आख्यायिकेला ते पत्र म्हणजे शिक्कामोर्तबच वाटले आणि मी ते नातेवाइकांना उत्साहाने वाचून दाखवले.

बंदूक प्रत्यक्ष हातात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात दुसरे पत्र आले. नळी साफ केल्यावर आत एकही सरी सापडली नाही आणि व्यास सुमारे ०.६५ इंच भरला. मागच्या बाजूस नेम धरण्यासाठी उचलून धरायची, अंतराच्या खुणा असलेली शिडी असायला हवी होती, तिथे एक ठोकळा होता, त्याला नुसती खाच. रायफल या शब्दाचा अर्थच सऱ्या असलेली बंदूक असा असल्याने ही रायफल नव्हे, गुळगुळीत नळीची मस्केट आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि आधीच्या पत्राबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्या सैनिकांच्या तोडीचे शस्त्र राहू नये असे धोरण आखले आणि एनफिल्डच्याच साच्याची, पण सऱ्या नसलेली बंदूक त्यांच्यासाठी काढली. आधी तयार नळ्यांमधल्या सऱ्या कातून टाकण्यात आल्या, त्या १८५८ च्या नमुन्याच्या. परंतु तसे केल्याने नळीच्या भिंती फार पातळ झाल्या आणि त्या वाकू लागल्या, म्हणून १८५९ च्या नमुन्यात मुळातच जाड भिंतीची नळी घेण्यात आली. बाहेरून पाहता दोन्ही जवळजवळ रायफलसारख्याच दिसतात. दुरून पाहणाऱ्याला शिपायाच्या हातात तेच शस्त्र दिसे, नेम मात्र शंभर-एक यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. आमच्या नळीची भिंत तोंडाशी चांगली जाड आहे. त्यामुळे ‘सत्तावनची रायफल’ या नावातले दोन्ही शब्द चुकीचे ठरले, आणि खरे सांगायचे तर सापडलेली हकीकत मला आख्यायिकेपेक्षा जास्त बोलकी वाटते. काकूंना ती अजून पटलेली नाही.

खुणांचे वाचन हा त्यांच्या कामातला सर्वांत उत्तम भाग म्हणावा लागेल. ‘टॉवर’ हा शब्द पाहून बरेच जण बंदूक लंडनच्या टॉवरमध्ये घडवली असे समजतात. वस्तुतः खासगी कारागिरांकडून, विशेषतः बर्मिंगहॅमच्या, तयार होऊन आलेल्या बंदुकांवरही तो असतो. मुकुटाखाली ‘व्हीआर’ असेल तर सरकारी मालकीचा तर्क बळावतो. नुसता मुकुट असेल तर व्यापारी माल असण्याची शक्यता अधिक, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात तसल्या बंदुका मोठ्या संख्येने गेल्या होत्या. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारने ती वस्तू सेवेतून काढून विकली, याची खूण. आमच्या दस्त्यावर, चापाच्या मागे, तेलकट मळाखाली तशी एक जोडी निघाली. अक्षरे उलटी किंवा वेडीवाकडी असणे, अथवा राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये निवर्तल्यानंतरचे साल तिच्या आद्याक्षरांखाली असणे, ही वायव्य सरहद्दीवर बनणाऱ्या नकलांची लक्षणे. तीही त्यांनी एकेक करून तपासली आणि नाहीत असे नोंदवले. अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिण्याची ही शिस्त मला फार आवडली.

लॉक उघडल्यावर सापडलेली एक गोष्ट त्यांनी मला प्रत्यक्ष बोलावून दाखवली. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी यंत्रांवर एकसारखे, अदलाबदल करता येतील असे भाग होऊ लागले होते. पण बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांचे काम हाताने जुळवलेले असे. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीत बसेलच असे नाही, म्हणून कारागीर एकाच लॉकच्या भागांवर कानशीने सारख्या खुणा करीत. भिंगाखाली पाहिले तेव्हा आमच्या लॉकच्या पट्टीच्या आतल्या कडेवर तीन बारीक रेघा होत्या, टंबलरवर (घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागावर) तीन, त्याला धरणाऱ्या पुलावर तीन, चारही स्क्रूंच्या माथ्याशी तीन, आणि मुख्य स्प्रिंगवर चार. म्हणजे केव्हातरी, बहुधा सेवेत असतानाच, एक स्प्रिंग मोडली आणि शेजारच्या बंदुकीची बसवली गेली. मुख्य कारागिरांनी भिंग माझ्या हातात दिले आणि काही न बोलता खुर्ची मागे सरकवली. मी चारदा मोजले. ही स्प्रिंग बदलायची का, असा प्रश्नच त्यांनी काढला नाही. तिचाही आता इतिहास झाला आहे, एवढेच म्हणाले.

घोड्याचे काम सर्वांत कठीण होते. बाजारात मिळणारे नवे घोडे बहुधा जुन्या घोड्यावरून साचा घेऊन ओतलेले असतात आणि ओतीव धातू थंड होताना आकसत असल्याने ते मुळापेक्षा किंचित लहान भरतात. शिवाय टंबलरच्या चौकोनी टोकावर बसणारे भोक नेमक्या कोनात कापावे लागते. या कोनात दोन अंशांचा फरक पडला तरी पाच सेंटिमीटर लांबीच्या घोड्याचे तोंड निपलवरून दीड-पावणेदोन मिलिमीटर सरकते. त्यांनी त्याच काळातला एक जुना, भोक झिजलेला घोडा शोधला, भोकात लोखंडाचा नवा तुकडा बसवला आणि कानशीने थोडे थोडे घासत, काजळी लावून कोठे टेकते ते पाहत, तो जुळवला. घोडा अर्धा आणि पूर्ण मागे ओढल्यावर, म्हणजे अर्ध्या चापावर आणि पूर्ण चापावर, येणारे दोन वेगवेगळे ‘टक्’ आवाज आता स्वच्छ ऐकू येतात. निपल मात्र माझ्या विनंतीवरून भरीव, आरपार छिद्र नसलेले बसवले आहे. बंदूक उडवण्याचा माझा विचार नाही, नळीच्या तळाशी गंजाने खोल खड्डे पडल्यामुळे ती उडवू नये असे त्यांनी लेखी दिले आहे, आणि कोणाला कधी मोह झालाच तर तो तिथेच अडावा.

दस्त्याबाबत त्यांनी मला निर्णय घ्यायला लावला. शिकारीला हलकी व्हावी म्हणून पुढचा दस्ता कापण्याची पद्धत जुनी आहे, आणि तो पुन्हा लांबवताना नव्या-जुन्या लाकडाचा सांधा कड्याखाली लपवण्याची युक्तीही तितकीच परिचित आहे. पण आमची काप मागच्या कड्याच्या चार सेंटिमीटर पुढे होती. सांधा लपवायचा तर ते चार सेंटिमीटर जुने अक्रोडाचे लाकूड आणखी कापावे लागणार होते. ‘सांधा दिसलेला चालेल, की जुने लाकूड गेलेले चालेल?’ असा एका ओळीचा प्रश्न त्यांनी पाठवला. मी सांधा दिसू द्या असे कळवले. आज बोट फिरवले तर तो लागत नाही, पण डोळ्यांना कळतो, कारण नव्या लाकडाला जुन्याचा काळपटपणा पूर्णपणे आलेला नाही. जोडण्यासाठी आधुनिक गोंद न वापरता त्यांनी सरस वापरला, जेणेकरून पुढे कोणाला हे काम अधिक चांगले करता आले तर ऊब आणि ओलावा देऊन सांधा सोडवता यावा. नव्या लाकडाच्या आतल्या बाजूस, नळीखाली, त्यांनी दुरुस्तीचे साल कोरले आहे; नवे कडे, नवा गज आणि दस्त्याच्या टोकाची नवी पितळी टोपी यांवरही तेच साल आहे. उद्या ही बंदूक विकायला निघाली तर घेणाऱ्याला नवे काय आणि जुने काय हे उघडून पाहता येईल. विकणाऱ्याला हे नेहमीच सोयीचे असते असे नाही, म्हणून ही शिस्त पाळणारे कमी भेटतात.

गंज काढण्यासाठी फिरती चाके किंवा वाळूचा मारा यांचा वापर झाला नाही. तेल लावून मुरू द्यायचे, मग पितळी लोकरीने आणि जिथे पापुद्रा जाड तिथे लहान सुरीने सैल झालेला लाल गंज तेवढा काढायचा आणि खालची घट्ट, तपकिरी-काळी साय ठेवायची, असे ते काम आहे. शेवटी धातूवर आणि लाकडावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात आहे. नळी नव्यासारखी निळी-काळी चमकेल अशी अपेक्षा ठेवून जो जाईल त्याची तिथे निराशा होईल, आणि ते तसे आधीच सांगतात.

मी पुसलेल्या आकड्याचेही असेच झाले. तिरप्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी वीस-बावीस छायाचित्रे घेऊन त्यांनी तो वाचण्याचा प्रयत्न केला. उरलेल्या वळणावरून तो ८ किंवा ९ असावा. ७ नक्कीच नाही, कारण खालच्या बाजूस गोलाई आहे. तो हलक्या हाताने पुन्हा कोरून द्याल का, असे मी विचारले. नाही म्हणाले. पैसे जास्त देतो म्हणालो, तेव्हा त्यांनी बंदूक परत पाठवण्याची तयारी दाखवली. त्या वेळी मला राग आला होता.

आता तक्रारी. चार महिन्यांची मुदत सांगून अकरा महिने लावले, आणि त्यांतल्या पाच महिन्यांत मी विचारल्याशिवाय एकदाही स्वतःहून काही कळवले नाही. योग्य घोडा मिळण्यास वेळ लागतो हे मला मान्य आहे. पण तसे दोन ओळींत लिहिण्यास वेळ लागत नाही. अहवालातल्या छायाचित्रांत मोजपट्टी ठेवलेली नाही, त्यामुळे खुणांचा आकार दुसऱ्या जाणकाराला त्यावरून सांगता येत नाही. एवढ्या काटेकोर लोकांकडून ही उणीव खटकते. दस्त्याच्या टोकाची नवी पितळी टोपी बाकीच्या मळकट पितळेपुढे फारच झगझगीत आहे आणि ती आपोआप काळवंडेल हे त्यांचे म्हणणे आतापर्यंत तरी पितळेने मनावर घेतलेले नाही. परत पाठवतानाचे खोके भक्कम होते, पण गज वेगळा न बांधल्याने त्याच्या टोकाने नव्या लाकडावर तांदळाएवढा ओरखडा पाडला. फोन केल्यावर तो त्यांनी मान्य केला आणि भरण्यासाठी रंगीत मेणाची कांडी पाठवून दिली.

भिंतीवर लावायला चकचकीत वस्तू हवी असेल, किंवा घरातली आख्यायिका खरी ठरवून हवी असेल, तर या लोकांकडे जाऊ नये. दोन्ही कामे आनंदाने करून देणारे इतर बरेच आहेत. हातातली वस्तू काय आहे हे जाणून घ्यायचे असेल आणि वाट पाहण्याची तयारी असेल, तर मी त्यांचे नाव खासगीत अवश्य सांगेन. बंदुकीबरोबर त्यांनी एक कापडी पिशवी परत केली आहे. तिच्यात आट्यांतून काढलेला निपलचा तुकडा, घोड्याच्या भोकातून कातलेले लोखंड आणि कुंभारमाशीच्या घराची ढेकळे आहेत. प्रत्येक पुडीवर ती कोठून निघाली ते पेन्सिलीने लिहिलेले आहे.